सेक्शन जिवाला जीव देणारं, तरी कामात मागे का?

पायदळातल्या एका हवालदारांचं पत्र आलं आहे. नाव, पलटण आणि ठिकाण त्यांच्या विनंतीवरून गाळलं आहे, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. मजकूर असा:

"सर, जय हिंद. दीड वर्षापासून मी सेक्शन कमांडर आहे. मी धरून दहा जण, त्यात चार अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेले. बहुतेक पोरं सातारा-सांगली-कोल्हापूरची. एकमेकांवर जीव टाकतात. एकाच्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हा सगळ्यांनी पैसे काढून पाठवले. व्हॉलीबॉलला कंपनीत पहिले. पण फील्ड फायरिंगला आणि रात्रीच्या एक्सरसाइझला आम्ही शेवटून दुसरे. एक अग्निवीर विदर्भातला आहे. फायरिंग सगळ्यांत चांगलं त्याचं, पण तो कुणात मिसळत नाही. चार वर्षं मोजतोय असं बाकीचे म्हणतात. गेल्या महिन्यात गार्ड ड्युटीवर एक पोरगा पहाटे झोपला. जोडीदाराने झाकलं, सगळ्यांनी झाकलं. मला उशिरा कळलं. नफरी (माणसांची संख्या) कमी आहे, त्या आठवड्यातली त्याची ती चौथी रात्र होती. मीही अजून वर सांगितलं नाही. सेक्शन तुटेल अशी भीती वाटते. आमचे सुभेदार साहेब रोल कॉलला सांगतात, पलटणीवर प्रेम असेल तर गोळी आपोआप निशाण्यावर लागते. माझ्या पोरांचं एवढं प्रेम आहे, मग का लागत नाही? कंपनी कमांडर साहेब म्हणतात सेक्शनमध्ये जोश नाही. मला ते पटत नाही. मी कुठे कमी पडतो? का सेक्शन सोडून सेंटरला (प्रशिक्षण केंद्रात) इन्स्ट्रक्टर म्हणून जायची विनंती करू?"

प्रिय हवालदार,

जय हिंद. आधी पहाऱ्याचं बोलू. बाकी सगळं दोन आठवडे थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही.

वर सांगा, आणि उद्याच सांगा. पण त्याआधी सेक्शनला एकत्र बसवा आणि आपण कंपनी कमांडर साहेबांकडे जाणार आहोत हे त्यांच्या तोंडावर सांगा. पोरांच्या पाठीमागे जाऊ नका. जो झोपला त्याला विचारा, तू स्वतः बोलतोस का? बहुतेक पोरं हो म्हणतात, कारण इतके दिवस ती गोष्ट त्यालाही झोपू देत नसते. सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) आणि सीनियर जेसीओ (सुभेदारांच्या दर्जाचे अधिकारी) यांच्यामार्फत, नेहमीच्या रीतीने त्याला घेऊन जा आणि त्याच्या शेजारी उभे राहा. तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही गप्प बसलात हेही तुमच्याच तोंडून जाऊ द्या. पहाऱ्यावर झोपणं आर्मी ॲक्टखाली गुन्हा आहे, शिक्षा होईल. तुम्हालाही ऐकून घ्यावं लागेल, कदाचित त्याहून जास्त सोसावं लागेल. ते सोसा.

त्याच खोलीत दुसरी गोष्टही सांगायची आहे, आणि ती तुम्हीच सांगू शकता. आठवड्यातली चौथी रात्र. बहाणा म्हणून हे पुढे करू नका, आधी गुन्हा पूर्ण कबूल होऊ द्या. मग गार्ड ड्युटीचा तक्ता समोर ठेवा आणि म्हणा, साहेब, नफरी अशी आहे, पाळी अशी येते, यात बदल झाला नाही तर पुढच्या महिन्यात दुसरा कुणीतरी झोपेल. सेक्शन कमांडर वरच्यांना खरं सांगतो आणि त्याच दमात खालच्यांचं रास्त म्हणणंही मांडतो, हे पोरांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की सेक्शन तुटण्याची तुमची भीती बरीचशी जाईल. सेक्शन तुटतं ते सांगण्याने नाही. हवालदार कुणाच्या बाजूने आहे हे कळेनासं झालं की मात्र तुटतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. एवढं प्रेम असून गोळी का लागत नाही?

१९७१ च्या डिसेंबरातलं जमालपूर तुम्ही ऐकलं असेल. ब्रह्मपुत्रेच्या काठचं हे शहर ढाक्याच्या वाटेवर होतं आणि पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण तिथे पाय रोवून होती. १ मराठा लाइट इन्फंट्री, म्हणजे जंगी पलटण, लेफ्टनंट कर्नल कुलदीप सिंग ब्रार यांच्या हाताखाली नदी ओलांडून शहराच्या पाठीमागे गेली आणि टांगाइलकडे जाणारा रस्ता अडवून बसली. ९ डिसेंबरला आपल्याकडून शरण येण्याचा निरोप गेला. बलुचच्या कर्नलने उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची गोळी पाठवली. १० तारखेच्या रात्री ती फौज वाट फोडून निघायला आली आणि मराठ्यांच्या मोर्चांवर, म्हणजे खणून धरलेल्या जागांवर आदळली, पुन्हा पुन्हा आदळली. वाट फुटली नाही. 'जमालपूर' हा रणसन्मान पलटणीला त्याचाच मिळाला.

अशा रात्री एका मोर्चातल्या दोघांना समोरची थोडीशी जमीन दिसते. डावीकडे काय चाललंय, उजवीकडे कोण उरलंय, काही दिसत नाही. तरी ते जागा सोडत नाहीत, कारण शेजारचा मोर्चा जागा आहे हे त्यांना माहीत असतं. सरावात, थंडीत, पावसात, अर्ध्या झोपेत त्यांनी ते वारंवार पाहिलेलं असतं. निष्ठा या शब्दाचा रात्री दोन वाजता एवढाच अर्थ उरतो, आणि एवढा पुरतो.

तुमच्या सेक्शनला त्या पहाटेपासून नेमकं उलटं माहीत झालं आहे. शेजारचा झोपू शकतो, आणि झोपला तर आपण बोलायचं नसतं. फील्ड फायरिंगला एक गट पुढे सरकतो तेव्हा दुसऱ्याने कव्हर द्यायचं असतं. पुढे जाणारा पोरगा मागच्यावर माया करतो, पण मागचा त्या क्षणी नक्की फायर देईल यावर त्याचा पुरता भरवसा नसेल तर तो आड सोडायला एक श्वास उशीर करतो. तुमचे गुण तिथे जात असावेत असा माझा अंदाज आहे. पुढच्या वेळी बारकाईने पाहा.

सुभेदार साहेबांचं वाक्य मी खोटं म्हणणार नाही. त्यात मोठं सत्य आहे, फक्त मधला एक दुवा त्यांनी बोलून दाखवलेला नाही. तो दुवा शोधण्यात लोकांनी पाऊणशे वर्षं घालवली आहेत.

दुसरं महायुद्ध संपल्यावर एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जानोविट्झ या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी जर्मन युद्धकैद्यांच्या चौकश्यांवरून एक निष्कर्ष काढला. तो १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मन सैनिक इतका वेळ का टिकला, याचं कारण त्यांना नाझी विचारांपेक्षा त्याच्या छोट्या तुकडीत सापडलं. जेवण येतंय, आजूबाजूला ओळखीचे चेहरे आहेत, आपला अधिकारी आपल्याला सांभाळतोय, तोवर तो लढला. तुकडी विस्कटली, संपर्क तुटला की त्याने हात वर केले. जगभरच्या सैन्यांनी हे मनावर घेतलं. 'माणूस शेजारच्यासाठी लढतो' असं जे आपण सर्रास म्हणतो, त्याला आधार या अभ्यासाचा दिला जातो.

पुढे ओमेर बार्टोव्ह या इतिहासकाराने अवघड प्रश्न विचारला. रशियाच्या आघाडीवर जर्मन पलटणींची इतकी माणसं मेली की ओळखीच्या तुकड्या शिल्लकच राहिल्या नाहीत. एकमेकांची नावंही नीट माहीत नसलेले लोक लढतच राहिले. ते कशाच्या जोरावर? बार्टोव्हचं उत्तर होतं, डोक्यात भिनवलेली विचारसरणी आणि शिक्षेची दहशत. त्या सैन्याने लाखो निरपराध लोकांवर काय केलं हे आठवून हे वाचायला हवं. एकजूट असली म्हणजे माणसं चांगलं काम करतील याची कसलीही हमी नसते. पण त्याचा प्रश्न आपल्याही कामाचा आहे. शेजारचा उरलाच नाही तर?

१० जुलै १९४४ ला इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्यावर ती वेळ आली. माणगाव तालुक्यातला हा बावीस वर्षांचा पोरगा ३/५ मराठा लाइट इन्फंट्रीत सेक्शन कमांडर होता, म्हणजे तुमच्याच जागेवर. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांचं सगळं सेक्शन मेलं किंवा जायबंदी झालं. बरोबर यायला कुणी उरलं नाही हे ठाऊक असून ते त्या पोस्टवर धावून गेले. ग्रेनेडने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या क्षणी त्यांच्या मनात काय होतं, हे आपण कुणी सांगू नये. दिसतं ते एवढंच की ज्या दहा जणांसाठी माणूस लढतो असं म्हणतात ते पडल्यावरही, ती मशीनगन बंद करायचं काम त्यांच्या लेखी उरलेलं होतं.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ ला, इटलीतच सेनियो नदीवर नामदेव जाधव या शिपायाने पहिल्यांदा आपली दोन जखमी माणसं मारा चालू असताना पाण्यातून, सुरुंगांतून मागे आणली. मग उलट फिरून मशीनगनच्या पोस्ट एकट्याने गप्प केल्या. आणि शेवटी बांधावर चढून पलटणीची आरोळी ठोकून मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. ही तिसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जोडीदारांची माया त्याच्यात ओतप्रोत होती, ती पहिल्या कृतीत दिसते. पण तो तिथे थांबला नाही. आपल्यामागे आख्खी पलटण नदी ओलांडायची थांबली आहे, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

सुभेदार साहेबांच्या वाक्यातला हरवलेला दुवा हा आहे: काम. माणसांवरची माया कामातून जाते तेव्हाच ती गोळीपर्यंत पोचते. १९९४ मध्ये ब्रायन मलेन आणि कॅरोलिन कॉपर यांनी निरनिराळ्या गटांच्या एकजुटीवरचे ४९ अभ्यास एकत्र करून तपासले. एकजूट आणि कामगिरी यांचं नातं त्यांना आढळलं, पण त्यातला मुख्य वाटा हातातल्या कामाशी असलेल्या बांधिलकीचा होता. एकमेकांबद्दलची आवड आणि गटाचा अभिमान यांचा वाटा त्यापुढे फार थोडा. आणखी एक गोष्ट निघाली, ती तुम्ही आजच्या आज वापरू शकता. एकजुटीमुळे काम सुधारतं यापेक्षा, काम चांगलं झाल्यामुळे एकजूट वाढते हा परिणाम जास्त ठळक दिसला. आपण नेहमी आधी पोरांना जोडायला जातो, बडा खाना करतो, गप्पा मारतो, आणि मग काम सुधारण्याची वाट पाहतो. रस्ता बहुधा दुसऱ्या टोकाने जवळचा आहे.

तुमच्या व्हॉलीबॉलचंच पाहा. तिथे तुमची पोरं पहिली का येतात? तीच दहा डोकी, तेच हातपाय. मैदानावर बॉल कुणाचा होता हे सगळ्यांना दिसतं. सोडला की पुढच्या क्षणी तीन जण ओरडतात, "अरे तुझा होता!" आणि कुणी मनाला लावून घेत नाही. स्कोअर लगेच कळतो. रात्रीच्या एक्सरसाइझनंतर असं कोण कुणाला म्हणतं? सगळे थकलेले असतात, लंगरवर (जेवणघरात) जातात, चहा होतो, चूक कुणाची होती हे प्रत्येकाला माहीत असतं आणि मैत्रीखातर कुणी बोलत नाही. मैदानावर जे प्रेम पोरांना खरं बोलायला लावतं, तेच प्रेम पहाऱ्यावर त्यांना झाकायला लावतं. फरक पोरांत नाही. पहाऱ्यावर काय चालतं आणि काय नाही हे सेक्शनमध्ये ठरलेलंच नाही, आणि ते ठरवायचं काम तुमचं आहे.

संघटनेवरच्या निष्ठेबद्दल थोडं सांगतो, कारण नुसतं सेक्शन घट्ट असून वरचा दोर तुटला तर काय होतं याचं उदाहरण आपल्या मुंबईत घडलं आहे. १८ फेब्रुवारी १९४६ ला 'तलवार' या नौदलाच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीविरुद्ध काम बंद केलं. दोन-तीन दिवसांत ते लोण कराचीपर्यंत गेलं, सुमारे २० हजार खलाशी उठले. त्यांची एकजूट विलक्षण होती. धर्म, प्रांत, भाषा सगळं बाजूला पडलं. ते बरोबर होते, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आपल्या विषयापुरतं लक्षात घ्यायचं ते असं की त्या जहाजांवर एकमेकांशी असलेली निष्ठा जराही कमी नव्हती, साम्राज्याच्या नौदलाशी मात्र काहीच उरलं नव्हतं. ते नातं जेवणाच्या ताटात आणि रोजच्या अपमानात संपलं होतं. खलाशांना दोष देण्याआधी वरच्यांनी काय केलं ते पाहावं लागतं. तुमच्या ड्युटीच्या तक्त्याचं मी एवढं का लावून धरलं, ते यावरून कळेल. पलटणीवर प्रेम ठेवा म्हणून रोल कॉलला सांगता येतं, पण पाळी न्यायाने लागली, रजा वेळेवर मिळाली, ताटात नीट पडलं आणि चुकल्यावर सगळ्यांना एकच माप लागलं, की ते सांगायची फारशी वेळ येत नाही.

आता तुमचा विदर्भातला पोरगा. मला तुमच्या पत्रातली सगळ्यांत जास्त काळजी त्याची वाटली.

१९९१ मध्ये जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी नोकरीतल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले. एक, इथे राहावंसं वाटतं. दुसरा, राहायलाच हवं, ते माझं कर्तव्य आहे. तिसरा, सोडणं परवडत नाही. पहिल्या प्रकाराचं चांगल्या कामाशी नातं सर्वांत पक्कं आढळलं आहे. तिसऱ्याचं जवळपास नाहीच, कधीकधी उलट. तुमच्या सेक्शनमधल्या जुन्या जवानांकडे जरा या नजरेने पाहा. पंधरा वर्षं भरून पेन्शन बसेपर्यंत दिवस ढकलणारा एखादा असेल, त्याला कुणी 'मोजतोय' म्हणत नाही. अग्निवीर चार वर्षं मोजतो, कारण योजनाच तशी आहे. १०० पैकी जास्तीत जास्त २५ पुढे राहणार, हे त्याला भरतीच्या दिवसापासून माहीत आहे. त्याला वर्षाला ३० दिवस रजा, शेजारच्या खाटेवरच्या जुन्या जवानाला ६० आणि वर ३० किरकोळ. तो हे बोलत नसेल, पण त्याच्या मनात ते असतंच.

आणि थोड्या दिवसांचा सैनिक कमी सैनिक, हे इतिहासात कुठे दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य सुमारे २ लाखांवरून २५ लाखांच्या पुढे गेलं. युद्ध संपल्यावर त्यातले बहुतेक घरी परतले. केरन, कॅसिनो, कोहिमा या लढाया अशाच माणसांनी लढवल्या. आपली राष्ट्रीय रायफल्स घ्या. तिथे जवान दोन-अडीच वर्षांसाठी येतो आणि आपल्या पलटणीत परत जातो, तरी त्या बटालियन काश्मीरमध्ये काय काम करतात ते तुम्ही जाणता. १९९० मध्ये ती उभी राहिली तेव्हा वेगवेगळ्या रेजिमेंटची माणसं एकत्र घातली होती आणि ते नीट जमेना. पुढे प्रत्येक बटालियनचा पायदळाचा गाभा एकाच रेजिमेंटमधून घ्यायला सुरुवात झाली, बाकीचे तोफखाना, सिग्नल्स, इंजिनिअर्स आणि इतर ठिकाणांहून. म्हणजे ओळखीच्या रीतींचा गाभा हवाच, पण त्याभोवती परके लोकही थोड्या महिन्यांत बसतात, कारण काम एक असतं आणि चुकलं तर किंमत सगळ्यांना मोजावी लागते. अँथनी किंग हे ब्रिटिश अभ्यासक तर म्हणतात की आजच्या व्यावसायिक सैन्यांत एकजूट मुख्यतः कवायतीतून आणि सरावातून येते. एकच ड्रिल हाडात मुरलेले दोन अनोळखी सैनिक लगेच एकत्र काम करू शकतात.

तेव्हा तो पोरगा मिसळत नाही असं म्हणण्याआधी, त्याला मिसळायला जागा आहे का ते तपासा. सातारा-सांगली-कोल्हापूरची आठ-नऊ पोरं गावाच्या जत्रा, तालमी, तांबडा-पांढरा यावर बोलतात तेव्हा गोंदिया-गडचिरोलीकडच्या माणसाने काय बोलावं? तुमच्या सेक्शनचं प्रेम अर्धं पलटणीचं आहे आणि अर्धं घाटावरच्या पाहुणेपणाचं. दुसऱ्या अर्ध्यात त्याला शिरता येणार नाही, त्याचा त्यात दोषही नाही. पहिल्या अर्ध्यात मात्र तो सगळ्यांच्या पुढे आहे, कारण फायरिंग त्याचं उत्तम आहे. मग सेक्शनला फायरिंग त्यालाच शिकवू द्या. पुढच्या रेंजला सगळ्यांत कच्चे दोघे त्याच्या हाताखाली द्या, आणि त्यांचं ग्रुपिंग (गोळ्या किती जवळजवळ लागतात ते) सुधारलं तर श्रेय सगळ्यांसमोर त्याला द्या. तुम्ही त्याच्या बाजूला बसून बघा, मध्ये बोलू नका.

बडी-जोड्या (सोबत काम करणाऱ्या दोघा-दोघांच्या जोड्या) मोडा आणि नव्या लावा. गाववाल्याबरोबर गाववाला नको. हे सांगताना कारणही सांगा, नाहीतर शिक्षा वाटेल. झोपलेल्या पोराला आणि त्याला झाकणाऱ्याला वेगवेगळ्या जोड्यांत ठेवा, पण दोघांपैकी एकाला तरी स्वतःच्या जोडीत घ्या.

सेक्शनला एक अवघड, छोटं, मोजता येणारं काम द्या. रात्री ठराविक वेळात मोर्चे घेणं, आवाज न करता जागा बदलणं, जखमीला ठराविक अंतरावर आणणं, तुमच्या ट्रेनिंगमध्ये बसेल ते. वेळ लावा, घड्याळ सगळ्यांना दिसू द्या. आठवड्यात दोनदा तेच काम, आणि सुधारणा आकड्यात. संपल्यावर लंगरकडे जायच्या आधी, पिट्ठू पाठीवर असतानाच दहा मिनिटं बसा. सर्वांत धाकटा आधी बोलेल, तुम्ही शेवटी. प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची: मी कुठे उशीर केला, आणि शेजाऱ्याकडून मला काय हवं होतं. पहिल्या दोन-तीन वेळा पोरं गप्प बसतील किंवा हसण्यावारी नेतील. तुम्ही स्वतःचं खरं सांगत राहा. काम जमायला लागलं की ती बोलतील. मैदानावर बोलतातच ना.

पलटणीचा इतिहास सांगा, पण तारखा पाठ करून घेऊ नका. जमालपूरच्या रात्रीची गोष्ट मोर्चा खणताना सांगा आणि तिथेच विचारा, या मोर्चातून डावीकडचा दिसतो का? नामदेव जाधवांची गोष्ट जखमी उचलायच्या सरावाच्या दिवशी सांगा. तेव्हा पोराला कळतं की निशाणावरची ती लढायांची नावं म्हणजे आपण आता करतोय तेच काम, नीट केलेलं. 'नाम, नमक, निशान' हे शब्द तुमच्या-माझ्या पिढीला आपोआप लागायचे. चार वर्षांसाठी आलेल्या एकवीस वर्षांच्या पोराला ते हातातल्या कामातून लागू द्यावे लागतील, आणि एकदा लागले की तो घरी गेल्यावरही जाणार नाहीत.

सुभेदार साहेबांशी यावर जरूर बोला. वाद घालायला म्हणून नको. त्यांना विचारा, तुमच्या काळी सेक्शनमध्ये खरं कसं बोललं जायचं? त्यांच्याकडे उत्तरं असतील. जुन्या जेसीओंकडे ही विद्या फार असते, कुणी विचारत नाही म्हणून ती रोल कॉलच्या एका वाक्यात मावते. कंपनी कमांडर साहेबांनी 'जोश नाही' म्हटलं ते मनाला लावून घेऊ नका. त्यांना निकाल दिसतो, पोरांनी आईच्या ऑपरेशनला काढलेले पैसे दिसत नाहीत. ते तुम्ही त्यांना सांगा. पहाऱ्याच्या प्रकरणानंतर तुमच्या शब्दाला त्यांच्याकडे जास्त वजन येईल.

सेंटरला इन्स्ट्रक्टर म्हणून जायची विनंती आत्ता करू नका. तिथे चांगल्या हवालदाराची गरज असते आणि तुम्ही पुढे जरूर जा. पण आज गेलात तर ही पोरं एवढंच शिकतील की अडचण आली की हवालदार निघून जातो, आणि तुमच्या जागी येणाऱ्याला झाकलेली गोष्ट वारशात मिळेल. अर्ज पुढच्या वर्षी, फील्ड फायरिंगनंतर करा. तोवर उद्याचं काम उद्या करा, आणि गार्ड ड्युटीचा तक्ता बदलला का ते मला कळवा.

आपला,
सदर लेखक